पंचवीस छिद्रांचा दरवाजा : नव्वदच्या दशकातील मराठवाडा कुठून वाचायचा?

१/
नांदेड-लातूरच्या इतिहासाविषयी आपण लिहितो तेव्हा कंधारचा किल्ला, होट्टलची मंदिरे, उदगीरची १७६०ची लढाई आणि १७ सप्टेंबर १९४८ हे टप्पे आपसूक येतात. नव्वदचे दशक मात्र ‘कालचे’ म्हणून बाजूला राहते. वस्तुतः किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षे उलटून गेली आहेत आणि नांदेडच्या विद्यापीठानेही तिशी ओलांडली आहे. तो काळ आता इतिहासाच्या कक्षेत आला आहे, आणि त्याची साधने शिलालेखांपेक्षा कितीतरी वेगाने नष्ट होत आहेत. आजचा धागा त्यांतील एका दुर्लक्षित दुव्याविषयी आहे : संगणकाच्या पाठीमागचा पॅरलल पोर्ट आणि त्याला जोडली जाणारी बाह्य साठवणसाधने.

२/
माझे मत आधीच मांडते. जुनी डिस्क कपाटात जपून ठेवली म्हणजे तिच्यातील मजकूर जपला गेला, असे होत नाही. डिस्क वाचणारा ड्राइव्ह, तो जोडता येईल असा पोर्ट, त्या पोर्टशी बोलणारे ड्रायव्हर सॉफ्टवेअर आणि मजकूर ज्यात रचला तो फॉन्ट, या चार कड्या शाबूत असतील तरच तो मजकूर वाचता येतो. यांतील पोर्टची कडी सर्वांच्या नजरेसमोर, भंगाराच्या वजनावर, निघून चालली आहे. ती राखण्याचे काम पुण्या-मुंबईकडे न सोपवता नांदेड आणि लातूर येथील इतिहास विभागांनी स्वतः हाती घेतले पाहिजे.

३/
ज्यांचा जन्म २००० नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख. जुन्या संगणकाच्या मागील बाजूस इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची, पंचवीस छिद्रांची एक लांबट जागा असे. लोक तिला ‘प्रिंटर पोर्ट’ म्हणत. संगणक तिला ‘एलपीटी१’ या नावाने ओळखे. तिचे मूळ सेंट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीच्या १९७०च्या प्रिंटरमध्ये आहे. १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्याला प्रिंटर जोडण्यासाठी हीच पद्धत स्वीकारली, आणि पुढील दोन दशके ती जवळजवळ प्रत्येक संगणकावर राहिली.

४/
पंचवीस तारांचे काम वाटून दिलेले होते. आठ तारांवरून माहिती जाई. आठ बिट एकाच वेळी शेजारी-शेजारी धावत, म्हणून नाव ‘पॅरलल’. चार तारा संगणकाच्या आज्ञा प्रिंटरपर्यंत नेत. पाच तारांवरून प्रिंटर आपली अवस्था कळवी : मी व्यस्त आहे, अक्षर मिळाले, कागद संपला, मी तयार आहे, बिघाड झाला. उरलेल्या आठ तारा अर्थिंगच्या. ही व्यवस्था मूलतः एकाच दिशेची होती. संगणकाने सांगावे आणि प्रिंटरने छापावे. प्रिंटरकडून आत येण्याजोगे त्या पाच खुणांपलीकडे काहीच नव्हते.

५/
मग अशा एकेरी रस्त्यावरून डिस्कमधील माहिती परत संगणकात कशी आणायची? अभियंत्यांनी शोधलेला तोडगा मोठा चतुर होता. प्रिंटरच्या त्या पाच खुणांपैकी चार तारा त्यांनी माहिती आत आणण्यासाठी वापरल्या. एका वेळी अर्धा बाइट, म्हणजे चार बिट आत घ्यायचे, मग उरलेले चार, आणि दोन्ही जोडून एक अक्षर पूर्ण करायचे. ‘कागद संपला’ हे सांगण्यासाठी घातलेल्या तारेवरून अशा रीतीने संपूर्ण ग्रंथ संगणकात येऊ लागले. या जुन्या पद्धतीचा वेग सेकंदाला साधारण ५० ते १५० किलोबाइट इतकाच असे.

६/
पुढे रस्ता दुहेरी झाला. १९८७च्या आयबीएम पीएस/२ मालिकेत माहितीच्या आठही तारा दोन्ही दिशांनी वापरता येऊ लागल्या. नव्वदच्या दशकारंभी ईपीपी आणि ईसीपी या दोन वेगवान पद्धती आल्या, आणि १९९४ साली आयट्रिपलई १२८४ या मानकाने या सर्वांना एका सूत्रात बांधले. वेग सेकंदाला एक-दोन मेगाबाइटपर्यंत जाऊ शकला. मात्र कोणती पद्धत चालू ठेवायची हे संगणकाच्या बायॉसमध्ये जाऊन ठरवावे लागे. तिथे चुकीची निवड असली की ड्राइव्ह एकतर सापडत नसे, नाहीतर रखडत चाले.

७/
एवढी खटपट कशासाठी? कारण फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत आणि छायाचित्रे असलेले पुस्तक त्यात बसत नसे. स्कझी जोडणीसाठी बहुतेक घरगुती संगणकांत वेगळे कार्ड घालावे लागे. यूएसबीचे पहिले मानक १९९६चे. ते सर्वसामान्य यंत्रांत रुळायला विंडोज ९८ यावे लागले. अशा वेळी आयोमेगा कंपनीचा झिप ड्राइव्ह १९९५ साली विक्रीस आला. त्याच्या एका डिस्कमध्ये १०० मेगाबाइट, म्हणजे जवळपास सत्तर फ्लॉपींचा ऐवज मावे, आणि संगणक न उघडता तो थेट प्रिंटर पोर्टला जोडता येई. याच वाटेने टेपवर प्रती काढणारे कोलोरॅडो ट्रॅकर, बॅकपॅक नावाची बाह्य साधने आणि १२० मेगाबाइटची सुपरडिस्क हीदेखील आली.

८/
पोर्ट एकच आणि दावेदार अनेक. म्हणून झिप ड्राइव्हच्या पाठीवर दोन जोड असत : एक संगणकाकडे जाणारा, दुसरा प्रिंटरकडे. मराठी डीटीपीच्या टेबलावर या रांगेत आणखी एक जण असे, तो म्हणजे ‘लॉक’. श्रीलिपीसारख्या पॅकेजाबरोबर मिळणारी ही अंगठ्याएवढी डबी पोर्टला लावल्याशिवाय पॅकेज चालत नसे. तेव्हा क्रम असा : आधी संगणक, मग लॉक, मग झिप, आणि शेवटी प्रिंटर. क्रम बदलला, की कधी लॉक सापडत नसे तर कधी ड्राइव्ह.

९/
या लॉकचे ऐतिहासिक महत्त्व आपण ओळखलेले नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक ठरले. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरी आली. परंतु प्रत्यक्ष छपाईच्या व्यवहारात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची संकेतरचना वेगळी राहिली. एका पॅकेजातला ‘क’ दुसऱ्या पॅकेजात भलतेच चिन्ह होई. त्या दशकात छापलेल्या मराठी अक्षरांचा फार मोठा भाग अशा खासगी संकेतांत, एका कुलपाच्या परवानगीने, पडद्यावर उमटलेला आहे.

१०/
आता हे सारे आपल्या दोन जिल्ह्यांत आणून पाहू. खिळे जुळवणारे हात मागे पडून कीबोर्डवरील ऑपरेटर पुढे आले, तो हाच काळ. नांदेडचे ‘प्रजावाणी’, लातूरचे ‘एकमत’ यांसारखी दैनिके या भागाचे सार्वजनिक जीवन नोंदवत होती. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रबंध टंकित करून घेण्याचे एक नवे केंद्र नांदेडला निर्माण झाले. लातूरमध्ये ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला होता; नोट्स आणि सराव प्रश्नपत्रिका यांचे कंपोझिंग हा तिथला स्वतंत्र व्यवसाय बनला. स्मरणिका, गौरवग्रंथ, कवितासंग्रह, जयंती मंडळांच्या पुस्तिका, सहकारी संस्थांचे अहवाल, प्रचारपत्रके : सर्वांची वाट डीटीपीच्या त्याच छोट्या दुकानातून जात होती.

११/
आणि याच वर्षांच्या मध्यभागी ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील हजारो माणसे त्या भूकंपात गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. गावेच्या गावे नव्या जागी वसली. ज्या काळात सर्वेक्षणे, याद्या, निवेदने, अहवाल आणि आठवणींच्या पुस्तिका तयार होत होत्या, नेमक्या त्याच काळात टंकलेखन यंत्राची जागा संगणक घेत होता. या घटनेच्या अभ्यासकाने अभिलेखागाराइतकेच त्या वर्षांच्या डिस्कांविषयीही विचारले पाहिजे. ‘यादीचा पहिला मसुदा काय होता?’ हा प्रश्न भूकंपग्रस्तांच्या दृष्टीने किरकोळ नाही.

१२/
यावर पहिला आक्षेप असा, की शेवटी सगळे छापले गेलेच ना? बटर पेपरवर प्रिंट निघाला, प्लेट बनली, पुस्तक झाले. मग डिस्कची आवश्यकता काय? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. छापील प्रत हा अखेरचा निर्णय असतो आणि निर्णयापूर्वीची घालमेल फाइलमध्ये राहते. गाळलेला परिच्छेद, बदललेले नाव, दुसऱ्या आवृत्तीत नाहीसे झालेले प्रकरण छापील प्रतीत दिसत नाही. शिवाय दोनशे-तीनशे प्रतींच्या स्मरणिका ग्रंथालयांत पोचत नाहीत. त्यांच्या बाबतीत दुकानदाराची डिस्क हीच एकमेव प्रत असण्याचा संभव बराच मोठा आहे.

१३/
कागद आहे पण वाचणारा नाही, ही अवस्था मराठवाड्याने नुकतीच अनुभवली आहे. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यांत मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची निकड एकाएकी भासली. निजामकालीन दफ्तरे पिढ्यान्‌पिढ्या कपाटांत होती. त्यांच्याकडे जाणारी वाचनाची वाट मात्र अरुंद होत गेली होती. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यातून एक धडा घ्यायला हवा. दस्तऐवज टिकला तरी तो वाचण्याचे कौशल्य आपोआप टिकत नाही, आणि गरज उभी राहते तेव्हा माणसे घडवायला वेळ उरलेला नसतो.

१४/
मोडी वाचता न येणाऱ्याला निदान आपल्यासमोर मोडी आहे एवढे कळते. नव्वदच्या दशकातील फाइल तेवढीही दया दाखवत नाही. मूळ फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती उघडली, तर वर टिंबे असलेली रोमन अक्षरे, चलनाची चिन्हे आणि चौकोन यांची विचित्र गर्दी दिसते. पाहणाऱ्याला वाटते, फाइल बिघडली. आणि तो ती पुसून टाकतो. प्रत्यक्षात मजकूर पूर्णपणे शाबूत असतो. योग्य फॉन्ट लावला किंवा त्या संकेतरचनेचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन वापरले, तर ओळ न ओळ परत मिळू शकते. इंटरनेटवर अशी अनेक रूपांतरके उपलब्ध आहेत.

१५/
दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो. झिप ड्राइव्ह यूएसबीवरचेही निघाले. जुना यूएसबी ड्राइव्ह मिळवला की काम झाले, मग पॅरलल पोर्ट हवाच कशाला? झिपच्या डिस्कांपुरते हे अगदी बरोबर आहे आणि ज्याला तसा ड्राइव्ह मिळेल त्याने तोच वापरावा. परंतु केवळ पॅरलल जोडणीच्या बॅकपॅकसारख्या साधनांना ही सवलत नाही, आणि लॉकला तर मुळीच नाही. ज्या फाइल केवळ त्या पॅकेजातच उघडतात, त्यांच्यासाठी लॉक ही किल्लीच आहे, आणि त्या काळच्या लॉकला खरा पोर्ट लागतो.

१६/
‘खरा’ हा शब्द मी जाणून वापरते. बाजारात यूएसबीपासून पंचवीस पिनांपर्यंत जाणारी केबल मिळते आणि ती पाहून अनेकांना हायसे वाटते. ती केबल फक्त प्रिंटरसाठी असते. तारांवर थेट ताबा मिळवणारी जुनी साधने तिच्यावर चालत नाहीत. जुने प्रोग्राम पोर्टला ‘३७८’ या ठरावीक पत्त्यावर शोधतात. नव्या कार्डांवर तो पत्ता बहुधा निराळा असतो. विंडोज एनटी आणि तिच्या वंशातील २००० व एक्सपी यांनी सामान्य प्रोग्रामना पोर्टशी थेट बोलण्यास मनाई केली. म्हणून नव्वदच्या दशकातील, पोर्ट मदरबोर्डवरच असलेला, विंडोज ९८ किंवा डॉस चालणारा एक साधा संगणक या कामात आजच्या महागड्या यंत्राहून अधिक मोलाचा ठरतो.

१७/
कंपन्यांवर भिस्त ठेवण्याचे दिवस सरले. आयोमेगा २००८ साली ईएमसीने विकत घेतली. पेजमेकरची अखेरची प्रमुख आवृत्ती २००१ची. याउलट मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात अजून कोणीतरी जागे आहे : लिनक्समध्ये पॅरलल झिपसाठी ‘पीपीए’ आणि ‘आयएमएम’ हे ड्रायव्हर लिहिले गेले, आणि पॅरलल पोर्टवरील जुन्या डिस्कांसाठीचा ‘पाराइड’ हा ड्रायव्हरसमूह २०२३ साली काढला तेव्हा त्याच्या जागी नव्या पद्धतीने लिहिलेला पर्याय घालण्यात आला. जगात कोणालातरी ही वाट उघडी ठेवावीशी वाटली. आपल्याकडे ती वापरणारे कोणी असावे, एवढीच अपेक्षा आहे.

१८/
आपल्या जिल्ह्याकडे याचा एक आदर्श आहे. १९६८ साली नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने श्रीनिवास रित्ती आणि गो. चिं. शेळके यांचा नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा इंग्रजी संग्रह प्रकाशित केला. महाविद्यालय स्थापन होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. हे काम मोठ्या शहरातील मोठी संस्था कधीतरी करील, असे म्हणून ते थांबले नाहीत. आपल्या परिसरातील साधने आपणच नोंदवायची, हा विचार त्यामागे दिसतो. आजही जिल्ह्याच्या मध्ययुगीन इतिहासाचा अभ्यासक त्या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

१९/
शिलालेखाच्या अभ्यासात पहिले काम वाचनाचे नसते, ठसा घेण्याचे असते. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, त्यावर शाई फिरवायची आणि जसे आहे तसे उतरवून घ्यायचे. अर्थ लागो न लागो. तो नंतर, निवांतपणे, कोणीही लावू शकतो. डिस्कच्या बाबतीतही हीच शिस्त हवी. आधी फाइली उघडून पाहण्याचा मोह टाळून संपूर्ण डिस्कची बिटागणिक नक्कल, म्हणजे ‘डिस्क इमेज’ घ्यावी. तो डिस्कचा ठसा होय. सेकंदाला ५० किलोबाइटच्या रखडत्या वेगानेही १०० मेगाबाइटचा ठसा साधारण अर्ध्या तासात उतरतो. दगडाच्या ठशाला याहून अधिक घाम गाळावा लागतो.

२०/
हे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी काही खबरदारी.
• वीज चालू असताना पॅरलल केबल काढू-घालू नये.
• स्कझी आणि पॅरलल झिप ड्राइव्ह दिसायला सारखे असतात. दोघांच्या मागे पंचवीस पिनांचाच जोड असतो. ड्राइव्हवरील खूण नीट वाचल्याशिवाय जोडू नये. चुकीच्या जोडणीने यंत्राला इजा होऊ शकते.
• झिप १०० ला ५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. हाती येईल तो लावू नये.
• झिप डिस्कला फ्लॉपीसारखी लिखाणबंदीची खिटी नसते. म्हणून ती फक्त वाचण्यापुरतीच उघडावी.
• ड्राइव्हमधून ‘टक टक’ आवाज येऊ लागला तर लगेच थांबावे. एका बिघडलेल्या डिस्कमुळे ड्राइव्ह, आणि त्या ड्राइव्हमुळे पुढची डिस्क खराब होऊ शकते.
• डिस्कच्या लेबलाचे छायाचित्र आधी घ्यावे. ऑपरेटरच्या हस्ताक्षरातील तीन शब्द हा कधीकधी संपूर्ण सूचिपत्राइतका ऐवज असतो.

२१/
आता एक अवघड बाजू. डीटीपीच्या दुकानातील डिस्क म्हणजे गावाचे खासगी कपाटही आहे. तिथे लग्नासाठीचे परिचयपत्र असते, न्यायालयात द्यायचे प्रतिज्ञापत्र असते, भावांच्या वाटणीचा मसुदा असतो, नोकरीचे अर्ज असतात. ज्यांनी ते टंकित करून घेतले त्यांनी ते इतिहासाला दान केलेले नाही. म्हणून ठसा घेणे आणि तो सर्वांना खुला करणे या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. डिस्कच्या मालकाची लेखी संमती, खासगी मजकूर बाजूला काढण्याची रीत आणि ठरावीक वर्षांचे बंधन, हे आधी ठरल्याशिवाय एकही फाइल इंटरनेटवर जाऊ नये. उत्साहाच्या भरात आपण याकडे दुर्लक्ष केले, तर पुढच्या दुकानाचे दार आपल्यासाठी उघडणार नाही, आणि ते योग्यच होईल.

२२/
सरकारी डिस्कांचे प्रकरण निराळे. केंद्राच्या १९९३च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकाद्वारे निर्माण झालेल्या साहित्याचा समावेश अभिलेखाच्या व्याख्येतच केला आहे, आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम २००५चा आहे. तेव्हा कार्यालयातील जुनी डिस्क ही रद्दी मानण्यापूर्वी विचार झाला पाहिजे, ही भूमिका केवळ हौशी अभ्यासकाची राहत नाही. एखाद्या कार्यालयाने जुने संगणक लिलावात काढताना त्यांच्याबरोबरच्या डिस्का आणि टेप वेगळ्या काढून त्यांची यादी केली, तरी फार मोठे काम होईल.

२३/
माझा प्रस्ताव छोटा आहे. नांदेडला एक आणि लातूरला एक, अशा दोन महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत एकेक कपाट असावे. त्यात खरा पोर्ट असलेले दोन चालू संगणक (एक वापराला, एक सुट्या भागांसाठी), मिळतील तितक्या प्रकारचे ड्राइव्ह, बेवारस झालेली लॉक, त्या काळचे फॉन्ट आणि पॅकेजांच्या मूळ फ्लॉपी ठेवाव्यात. शेजारी एक नोंदवही : डिस्क कोणाची, कधी आली, ठसा घेतला का, संमती कोणती. जुळवाजुळवीला नांदेडच्या विष्णुपुरीतील श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांचा हात लागला तर उत्तम. या साऱ्याला निधीपेक्षा निश्चयच अधिक लागेल. कारण यातील बहुतेक वस्तू आज भंगाराच्या भावात जात आहेत.

२४/
वस्तूंहूनही आधी माणसांकडे गेले पाहिजे. बायॉसमध्ये काय निवडायचे, लॉक आणि झिप यांचा क्रम कोणता, कोणत्या फॉन्टमध्ये ‘ळ’ कुठल्या कळीवर होता, हे ज्यांच्या बोटांना ठाऊक आहे ते ऑपरेटर आता वयाच्या पन्नाशी-साठीत आहेत. अनेकांनी तो व्यवसाय केव्हाच सोडला. त्यांना कोणी इतिहासाचे साधन मानलेले नाही. तेही स्वतःला तसे मानत नाहीत. मोडी जाणणारे उरले नाहीत म्हणून आपण हळहळतो. हे जाणकार मात्र अजून आपल्या गल्लीत आहेत.

२५/
वाचकहो, येत्या सुट्टीत गावी गेलात तर एवढे करा. जुन्या डीटीपी दुकानदाराची भेट घ्या आणि त्यांना बोलते करा. त्यांची परवानगी असेल तर मुलाखत ध्वनिमुद्रित करा. माळ्यावर पंचवीस छिद्रांचा पोर्ट असलेला संगणक दिसला तर तो भंगारवाल्याला जाऊ देऊ नका. डिस्क हाती आली तर ती लगेच उघडून पाहू नका. उन्हापासून, धुळीपासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा, लेबल टिपून घ्या, आणि आधी ठसा, मग वाचन हा क्रम पाळा. होट्टलचा दगड आणखी काही शतके वाट पाहू शकेल. लातूरच्या माळ्यावरील डिस्कपाशी तेवढा अवधी नाही.

(धागा समाप्त)